सोलापूरच्या वेशीवरचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, शेळगी, मजरेवाडी, कुंभारी इथून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पावसाळ्यात खड्ड्यांचे, दिवाळीनंतर उसाच्या ट्रॅक्टरचे आणि मोजणीवाले येऊन गेले की जमिनीचे. म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत. प्रश्न आले त्याच भाषेत ठेवले, फक्त शिव्या गाळल्या. सोपे आधी, किचकट नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बायपास बायपास म्हणतात तो नेमका कुठला? सोलापूरला रिंग रोड आहे की नाही?

पूर्ण रिंग नाही, तुकडे आहेत. पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे केगाव–हत्तूर बाह्यवळण. पुणे रोडवर केगावला सुरू होऊन देगाव, मंगळवेढा रोड ओलांडत तो विजापूर रोडवर हत्तूरजवळ उतरतो. पुण्याहून विजापूरला जाणाऱ्या ट्रकला आता शहरात शिरायचं कारण उरलेलं नाही.

उत्तरेकडे वेगळा बायपास नाही, तिथे महामार्गच बायपासचं काम करतो. पुण्याकडून येणारा क्रमांक ६५ बाळे, जुना पुणे नाका, मार्केट यार्ड करत हैदराबाद रोडला लागतो. एकेकाळी ही शहराची कड होती. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे, शाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत. म्हणजे बायपास गावात राहिला आणि गाव बायपासच्या पलीकडे गेलं.

खरी अडचण आग्नेयेला आहे. हैदराबाद किंवा अक्कलकोटकडून येऊन विजापूरला जायचं तर केगावपर्यंतचा वळसा फार लांब पडतो. डिझेल स्वतःच्या खिशातून घालणारा ड्रायव्हर तो घेत नाही, आतून काढतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, तिथला रस्ताच अपुरा आहे.

२. जुन्या कागदावर महामार्ग ९ आणि १३ लिहिलंय, पाटीवर ६५ आणि ५२. आमची जमीन कुठल्या रस्त्यालगत?

त्याच रस्त्यालगत. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा जुना ९, आता ६५. सोलापूर–विजापूर जुना १३ आणि सोलापूर–तुळजापूर–धुळे जुना २११, हे दोन्ही आता ५२ मध्ये आले. मंगळवेढा–सांगोला–मिरजमार्गे कोल्हापूर–रत्नागिरीला जाणारा १६६, आणि अक्कलकोटहून कलबुर्गीकडचा १५०ई. खरेदीखतात जुना क्रमांक असला म्हणून खत चुकीचं ठरत नाही. नवीन अर्ज करताना मात्र दोन्ही क्रमांक लिहा, टेबलावरच्या माणसाला निमित्त मिळायला नको.

३. खड्डा पडलाय. महापालिका म्हणते आमचा रस्ता नाही, महामार्गवाले म्हणतात आमचा नाही. मग कुणाचा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तरही यातच आहे.

किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक. काळा किंवा निळा माथा बहुधा जिल्हा मार्गाचा. दगडच नसेल आणि आत कॉलनीत असाल तर महापालिका, हद्दीबाहेर असाल तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात.

गल्लत होते ती सर्व्हिस रोडवर. महामार्गाला लागून असलेला सर्व्हिस रोड शहराच्या हद्दीत असला तरी सहसा महामार्गाच्याच मालमत्तेत मोडतो. त्याचा खड्डा, त्याचं गटार, त्याचा दिवा हे सगळं महामार्ग यंत्रणेकडे मागायचं. आपल्याकडे लोक नगरसेवकाच्या दारात जातात, तो आश्वासन देतो, आणि पुढचा पावसाळा येतो.

राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा चोवीस तासांचा नंबर आहे. फोन करताना ‘बाळ्याच्या पुढं, हॉटेलपाशी’ असं सांगू नका. जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कुठल्या दिशेची मार्गिका ते सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आठवड्यात हालचाल नसेल तर ‘आपले सरकार’वर तोच क्रमांक टाकून पुढची तक्रार. तरीही टोलवाटोलवी चालू राहिली तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही कार्यालयांत टाका. प्रश्न एकच विचारा: या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत देखभाल कुणाकडे आहे? ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी आलं की ‘आमचा नाही’ म्हणणारा एकजण कमी होतो.

४. दिवसा जड वाहतूक बंद आहे ना? मग डंपर आणि ट्रक शाळेच्या वेळेला कसे दिसतात?

शहरात कुठली वाहनं कधी आणि कुठून जातील हे पोलीस आयुक्तालय अधिसूचना काढून ठरवतं, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ चा आधार असतो. वेळा आणि मार्ग बदलत राहतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणारं जुनं पत्रक धरून वाद घालू नका, ताजी अधिसूचना बघा.

अशा बंदीत जीवनावश्यक मालाला बहुतेक वेळा सूट असते. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी मोठी. डिसेंबर–जानेवारीत आवक वाढली की हैदराबाद रोडवर मार्केट यार्डापाशी गाड्यांची रांग लागते आणि ती सगळी नियमात बसते. बेकायदा आहे ते रांग सोडून वस्तीच्या रस्त्यात गाड्या उभ्या करणं. वाळू आणि मुरमाच्या डंपरांना असं कुठलंही निमित्त नाही. नंबर प्लेटसकट फोटो वाहतूक शाखेकडे पाठवा.

५. आमच्या गावासमोरचा दुभाजकातला कट बंद केला. आता समोरच्या शेतात जायला दोन-तीन किलोमीटर फिरावं लागतं. हा कुठला न्याय?

राग बरोबर आहे, मागणी मात्र बहुतेक वेळा चुकते. म्हणून जरा सविस्तर.

ज्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, तो केंद्राच्या व्याख्येनुसार ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. तिथला सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे कट बंद करणं. काँक्रीटचे ठोकळे आणले, रात्रीत काम झालं, कागदावर सुधारणा दिसली. चौपदरी रस्त्यावर गाड्या शंभरच्या वेगाने येतात आणि कटातून बैलगाडी किंवा दुचाकी आडवी जाते, तेव्हा यंत्रणेची भीती खोटी नाही.

पण कट बंद केल्याने गावाचं पलीकडे जाणं बंद होत नाही. गुरं पलीकडे आहेत, दूध डेअरी पलीकडे आहे, एसटीचा थांबा पलीकडे आहे. लोक मग उलट्या बाजूने गाडी घालतात किंवा ठोकळा सरकवतात. अपघात तिथून उठतो आणि अर्ध्या किलोमीटरवर जाऊन बसतो. बाह्यवळण झाल्यापासून शहरातली ट्रकची धास्ती कमी झाली हे खरं, पण ती जिथे जिथे गावरस्ता या बाह्यवळणाला छेदतो तिथे येऊन थांबली आहे. रस्ता आखताना जाणाऱ्याचा विचार झाला, ओलांडणाऱ्याचा नाही.

तेव्हा ‘कट उघडा’ अशी मागणी करू नका, ती नाकारायला सोपी असते. भुयारी मार्ग मागा. तोवर जवळच्या भुयारी मार्गापर्यंत दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड आणि दिवे मागा. ग्रामसभेचा ठराव करा, गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांची यादी पोलीस ठाण्यातून घेऊन ठरावाला जोडा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. आकड्यांसकट आलेला कागद त्या बैठकीत वाचावा लागतो. रास्ता रोको केलात तर त्या दिवसापुरता तहसीलदार येतो.

६. सर्व्हिस रोडने उलट्या दिशेने गेलं तर चालतं का? सगळेच जातात.

सर्व्हिस रोड दुतर्फा आहे की एकतर्फा, हे तिथल्या पाटीवर आणि पट्ट्यांवर ठरतं. दुतर्फा असेल तर प्रश्नच नाही. एकतर्फा असेल, किंवा तुम्ही मुख्य मार्गिकेवर उलटे घुसलात, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्यांदा १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद. मोठा धोका पुढे आहे: अपघात झाला तर चूक तुमच्याकडे धरली जाते आणि नुकसानभरपाई कापली जाते.

७. आमच्या वस्तीसमोर स्पीड ब्रेकर बसवून द्या ना.

राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर बसत नाही. तिथे जास्तीत जास्त रंबल पट्ट्या, ब्लिंकर आणि वेगमर्यादेची पाटी मिळू शकते. महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यावर, म्हणजे मुख्य रस्त्याला लागायच्या आधी, बसवता येतो आणि तिथे तो बसवलाच पाहिजे.

आतल्या रस्त्यांवर बसवायचा तर भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषाप्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्याकडे कॉलनीत रात्रीतून उभे राहतात ते एक वीत रुंदीचे बांध. त्यावर बाळंतिणीची रिक्षा आदळली तर जबाबदारी बांधणाऱ्यावर.

८. हद्दवाढ भागातले रस्ते दर पावसाळ्यात का खचतात? डांबर तर दरवर्षी पडतंय.

डांबर वर पडतंय, दुखणं खाली आहे.

सोलापूरच्या आजूबाजूची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती प्लॉटिंगच्या रस्त्याखाली आहे. रस्ता टिकवायचा तर ती काढून किंवा चुना मिसळून वर मुरूम आणि खडीचे थर दाबावे लागतात आणि पाणी बाजूला काढायला गटार लागतं. १९९२ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली, तेव्हा हे सगळं आधी करून मग वस्ती व्हायला हवी होती. झालं उलटं. आधी एकरांचे गुंठे पडले, घरं उभी राहिली, मग मुरूम टाकला, मग डांबर. गटार शेवटी आलं आणि ते टाकायला डांबर फोडलं.

चर खणून पाइप टाकला की वर माती लोटतात, थराथराने दाबत नाहीत. पहिल्या पावसात चर खाली बसते आणि तुमची रिक्षा तिच्यात. तेव्हा काम चालू असतानाच ठेकेदाराला विचारा, चर दाबली का आणि वर खडीचा थर आहे का. काम संपल्यावर दोषदायित्व कालावधी किती ते कार्यादेशात लिहिलेलं असतं. त्या काळात रस्ता खचला तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा असतो. हा कागदही प्रश्न ३ मधल्यासारख्याच अर्जाने मिळतो. दहापैकी नऊजण तो मागत नाहीत, आणि म्हणून त्याच रस्त्याचं नवीन टेंडर निघतं.

९. पुणे रोड पुरात बंद झाला तर मंगळवेढ्याकडून जाता येईल का?

बहुधा नाही. नकाशा डोळ्यांसमोर आणा. सीना नदी शहराच्या पश्चिमेकडून दक्षिणेला उतरते. पुणे रोड तिला लांबोटीला ओलांडतो, मंगळवेढा रोड तिऱ्ह्याला, विजापूर रोड वडकबाळला. म्हणजे एकच नदी तीन महामार्ग अडवते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात पुणे आणि विजापूर दोन्ही महामार्गांची वाहतूक थांबवावी लागली होती. केगाव–हत्तूर बाह्यवळणही अशा वेळी कामाचं नाही, कारण त्याची दोन्ही टोकं नदीच्या अलीकडेच आहेत.

हैदराबाद, तुळजापूर आणि अक्कलकोट हे रस्ते सीनेवर अवलंबून नाहीत. पण पुण्याला जायचं तर ती कुठेतरी ओलांडावीच लागते, बार्शी–कुर्डुवाडीने गेलात तरी. म्हणून दवाखाना किंवा परीक्षा असेल तर निघण्याआधी नियंत्रण कक्षाला फोन करा. सकाळी रस्ता चालू होता म्हणून संध्याकाळी असेल असं धरू नका. इथे ऊन असतं आणि वरून सोडलेलं पाणी इकडे पोचायला वेळ लागतो.

१०. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री विना लाइट जातात. तक्रार कुणाकडे?

चालू घटना असेल तर ११२. कायमचा त्रास असेल तर परिवहन कार्यालय आणि थेट साखर कारखान्याचं शेती खातं. ट्रॉली कुठल्या कारखान्याकडे चालली आहे हे हंगामात गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि कारखान्याने मनावर घेतलं तर रिफ्लेक्टर दोन दिवसांत लागतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी, त्यामुळे गाळप चालू असेपर्यंत अंधारात पुढे काहीतरी आहे असं धरूनच गाडी चालवा. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात सोडून, मागे दगड लावून ड्रायव्हर जेवायला जातो. माणूस दगावतो तो बहुधा अशाच ट्रॉलीवर आदळून.

११. गड्डा आणि कोजागिरीला कुठले रस्ते बंद असतात?

गड्डा म्हणजे संक्रांतीच्या आसपासची सिद्धरामेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग आणि होम मैदानाचा परिसर वाहनांना बंद, एसटी आणि रिक्षांचे मार्ग बदललेले. बाहेरगावच्या पाहुण्याला गाडी कडेला लावून चालत यायला सांगा, आत शिरून काही मिळत नाही.

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरपर्यंत रात्रभर लोक चालत जातात. त्या काळात तुळजापूर रोडची वाहतूक वळवली जाते. आदेश दरवर्षी नव्याने निघतो, त्यातले दिवस आणि पर्यायी मार्ग वाचूनच गाडी काढा. चालणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चालावं.

१२. रोज सावळेश्वरचा टोल भरतोय. स्थानिकांना माफी नाही का?

माफी नाही, सवलत आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी, बिगरव्यावसायिक गाडीला मासिक पास मिळतो. त्याचा दर दरवर्षी १ एप्रिलला बदलतो. पत्त्याचा पुरावा आणि गाडीचं आरसी बुक घेऊन नाक्यावरच अर्ज करायचा. तुळजापूर रोडच्या तामलवाडी नाक्यालाही हेच लागू. दुचाकीला टोल नाही.

१५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पासही आहे. सुरुवातीला तो ३,००० रुपयांचा होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो कार, जीप, व्हॅनपुरताच. हिशेब करून घ्या: रोज जाणं-येणं असेल तर २०० फेऱ्या १०० दिवसांत संपतात. त्यामुळे २० किलोमीटरच्या आतल्या माणसाला मासिक पासच परवडतो, आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जाणाऱ्याला वार्षिक.

१३. महामार्गात जमीन चालली आहे. मोजणीवाले आले, सही करू का?

पंचनाम्यावर सही म्हणजे संमती नव्हे, पण झाडं, विहीर, पाइपलाइन, शेड हे सगळं त्यात आल्याशिवाय करू नका. सुरत–चेन्नई महामार्गाच्या आखणीत बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी हेच विचारलं होतं.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ मध्ये पायऱ्या ठरलेल्या आहेत. कलम ३ए ची अधिसूचना निघाली की २१ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. त्यानंतर ३डी निघाली की जमीन शासनाकडे जाते, मग ३जी खाली मोबदला ठरतो. मोबदला मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. पैसे उचलले म्हणून तो हक्क जात नाही, फक्त ‘हरकत राखून स्वीकारत आहे’ असं लिहून घ्या. मुदत चुकते ती बहुतेक २१ दिवसांची, कारण अधिसूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते.

१४. गुंठेवारीत घर बांधलंय आणि आता कळतंय की वरून डीपी रस्ता जातो. घर पडणार का?

लगेच नाही, पण झोपूही नका. आधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. शेजाऱ्याने सांगितलेल्या रेषेवर विश्वास ठेवू नका.

गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. पण विकास आराखड्यातल्या, म्हणजे डीपी, रस्त्याच्या आरक्षणात येणारं घर सहसा नियमित होत नाही. जागा घ्यायची तर महापालिकेला ती रीतसर संपादन करावी लागते किंवा बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावा लागतो. आराखडा अंतिम होऊन १० वर्षांत संपादन झालं नाही तर एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. सातबाऱ्यावर नाव नसेल, नुसता बॉण्ड असेल, तर या नोटिशीला वजन नाही. नोटीस वकिलाकडूनच काढा.

१५. खड्ड्यात पडून हात मोडला. कुणी पैसे देतं का?

हो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यासाठी रस्त्याच्या यंत्रणेचा प्रमुख आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. अर्ज कुठल्या यंत्रणेच्या नावाने करायचा, ते प्रश्न ३ मधून. त्याच दिवशीचा खड्ड्याचा फोटो आणि दवाखान्याचा कागद ठेवा, दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असतो.

मोटार अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंत सात दिवसांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजनाही मे २०२५ पासून आहे. अज्ञात वाहन ठोकरून पळालं तर वेगळी भरपाई: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए आहे त्यासाठी. घाबरून गाडी पुढे काढू नका.

१६. अपघात हत्तूरच्या अलीकडे झाला. शहर पोलीस म्हणतात ग्रामीणची हद्द, ग्रामीणवाले म्हणतात शहराची. आम्ही तीन तास फिरतोय.

फिरू नका, जिथे उभे आहात तिथेच बसा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, पोलीस ठाण्याला फिर्याद घ्यावीच लागते. तिला शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे त्यांचं काम, तुमचं नाही. नकार दिला तर ठाणे अंमलदाराला ‘हे लिहून द्या’ म्हणा. तरीही नाही म्हणाले तर तीच फिर्याद पोस्टाने पोलीस आयुक्त किंवा ग्रामीण अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपून ठेवा, विम्याच्या दाव्याला ती लागते.